मिसेस पेकेट ते मिस मार्पल: जोन हिक्सन यांच्या लहान भूमिकांचा हिशोब

जोन हिक्सन या ब्रिटिश अभिनेत्रीच्या चित्रपटांची यादी समोर ठेवली की आधी डोळ्यांत भरतात ती पात्रांची नावं. मिसेस रीड (१९४८), मिसेस पेकेट (१९५०), मिसेस ग्रोकर (१९५४), मिसेस मे (१९६०), मिसेस किडर (१९६१), मिसेस ग्रब (१९७०), मिसेस ड्यूक्स आणि मिसेस स्प्राउट (दोन्ही १९७३), मिसेस गिबन्स (१९७५), मिसेस मूडी (१९७९). सगळ्यांना आडनाव आहे, स्वतःच्या नावाने ओळखावी अशी मात्र क्वचितच कुणी. पटकथा लिहिणाऱ्याला ते सहसा लागलंच नाही, कारण या बायकांना नावाने हाक मारणारं कुणी कथेत बहुधा नव्हतं. त्याआधीच्या, तिशीतल्या भूमिका पाहिल्या तर उलट प्रकार दिसतो. १९३७ मध्ये नुसतीच एमी. त्या वयात त्यांच्या वाट्याला घरकाम करणाऱ्या मुली येत आणि इंग्रजी घरात अशा मुलीला बहुधा नुसत्या नावानेच हाक मारत. म्हणजे मोलकरीण असेल तर आडनाव नाही आणि घरमालकीण झाली की नाव नाही. ब्रिटिश समाजाची अर्धी उतरंड या एका बाईच्या श्रेयनामावलीत सापडते.

हिक्सनबाईंची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात: पन्नास वर्षं किरकोळ कामं केली, मग ७८व्या वर्षी नशीब फळफळलं आणि बीबीसीने मिस मार्पल दिली, म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांतली गुन्ह्यांचा छडा लावणारी म्हातारी. हे सांगायला गोड आहे, पण त्यातून काही कळत नाही. लहान भूमिका हे वेगळं कौशल्य आहे. त्याची हत्यारं वेगळी, धोके वेगळे. १९८४ साली जी मिस मार्पल लोकांना एकदम अस्सल वाटली, ती याच हत्यारांनी घडलेली होती. हे कसं झालं, ते या प्रकरणात पाहू.

पाया

जन्म ५ ऑगस्ट १९०६ चा, नॉर्दॅम्प्टनच्या किंग्जथॉर्प भागातला. नॉर्दॅम्प्टन हे चपला-बुटांचं गाव आणि वडिलांचा धंदाही बुटांच्या कारखान्याचाच. शिक्षण लंडनच्या राडा या नाट्यशाळेत. व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं पाऊल १९२७ मध्ये, एका नाटकाच्या दौऱ्यात. त्यानंतर ऑक्सफर्डच्या रेपर्टरीत काम.

रेपर्टरी म्हणजे काय ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढचं बरंचसं तिथून येतं. एका गावात एकच नटसंच ठेवलेला असे आणि बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला नवं नाटक लागे. संध्याकाळी या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, रात्री झोपण्याआधी पाठांतर. संचात माणसं मोजकी, त्यामुळे पंचविशीतल्या मुलीला साठीची आत्याबाई करावी लागे. तिथे भूमिकेचा 'अभ्यास' करायला सवड नसते. चाल, आवाजाची पट्टी आणि हाताला एखादं काम, एवढं ठरवायचं आणि मंगळवारपर्यंत बाई उभी करायची. ज्यांना हे जमलं नाही ते दोन हंगामांत बाहेर पडले. ज्यांना जमलं त्यांना जन्मभर पुरेल अशी शिदोरी मिळाली.

त्याच १९२७ साली आणखी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही हिक्सनबाईंच्या पोटापाण्याशी निगडित आहेत. पहिली म्हणजे ब्रिटनचा सिनेमा कायदा. थिएटरवाल्यांनी ठराविक टक्के ब्रिटिश चित्रपट दाखवलेच पाहिजेत, अशी सक्ती त्यात होती. सुरुवातीला ५ टक्के, पुढे टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत. ही अट भरून काढायला स्वस्तातले चित्रपट भराभर निघू लागले. त्यांना लोक 'कोटा क्विकी' म्हणत आणि त्यांचा भाव फुटाला एक पौंड असा सांगितला जाई. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला मिनिटाला ९० फूट लागतात, म्हणजे मिनिटाला नव्वद पौंडांत सगळं बसवायचं. अशा निर्मितीला नट हवेत ते वेळेवर येणारे, वाक्यं पाठ असलेले आणि पहिल्या-दुसऱ्या टेकला काम उरकणारे. रेपर्टरीतले नट याला आयते तयार होते. हिक्सनबाई १९३४ मध्ये पडद्यावर आल्या त्या याच काळात.

दुसरी गोष्ट स्पॉटलाइट ही नटांची छायाचित्र-सूची. भूमिका वाटणारे लोक ती जाडजूड पुस्तकं उघडून चेहरे शोधत. गोम अशी की पुस्तकं विभागलेली होती: प्रमुख भूमिकांचे नट वेगळे, तरुण वेगळे, चरित्र आणि विनोदी वेगळे. तुम्ही कोणत्या खंडात आहात यावर तुमच्याकडे कुठल्या भूमिकेसाठी पाहिलं जाईल, हे निम्मं ठरूनच जाई. आपण 'चरित्र अभिनेत्री' म्हणतो तेव्हा आई किंवा खाष्ट सासू डोळ्यांसमोर येते. लंडनमध्ये त्या खान्यात घरमालकीण, नर्स, शेजारीण आणि पाद्र्याची बायको येई. एकदा त्या खंडात गेलेला माणूस पहिल्या खंडात परत येताना फारसा दिसत नाही.

भूगोलाचाही वाटा होता. डेनम, पाइनवुड, शेपर्टन, ईलिंग, एल्स्ट्री हे सगळे स्टुडिओ लंडनच्या आसपास. दिवसभर चित्रीकरण करून संध्याकाळी वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य नाट्यगृहांतल्या, नाटकाला उभं राहणं शक्य होतं. दुपारचे प्रयोग असलेले दिवस तेवढे सोडायचे. हॉलिवूडच्या नटाला हे शक्य नव्हतं. न्यूयॉर्कची रंगभूमी खंडाच्या दुसऱ्या टोकाला. ब्रिटिश चित्रपटांत दोन मिनिटांसाठी येणारी माणसं इतकी मुरलेली का वाटतात, याचं निम्मं उत्तर त्या रेल्वे-मोटारीच्या अंतरात आहे.

एक भूमिका जवळून

१९५० चा 'सेव्हन डेज टू नून'. बोल्टिंग बंधूंचा चित्रपट; त्याच्या कथेला पुढे ऑस्कर मिळालं. अण्वस्त्रांवर काम करणारे प्राध्यापक विलिंग्डन एक बॉम्ब घेऊन बेपत्ता होतात आणि पंतप्रधानांना पत्र पाठवतात: बॉम्ब बनवणं थांबवा, नाहीतर रविवारी दुपारी बारा वाजता लंडनचा मध्यभाग उडवून देईन. सगळं शहर त्यांना शोधतंय आणि ते एका कळकट घरात खोली भाड्याने घेऊन राहतात. घरमालकीण मिसेस पेकेट, म्हणजे हिक्सन. ओठात सिगारेट, घरात मांजरं.

कथेला या बाईकडून तीन कामं करून घ्यायची आहेत. पहिलं, खोलीची कळा सांगणं. कॅमेऱ्याने भिंतीचे पोपडे दाखवायला वेळ घालवण्यापेक्षा दार उघडणारी बाई दाखवली की घर कळतं. दुसरं, विलिंग्डन यांचा ताण दाखवणं. ते रात्रभर खोलीत फेऱ्या मारतात आणि खालच्या मजल्यावर पावलं ऐकणारं कुणीतरी असल्याखेरीज त्या फेऱ्यांना अर्थ येत नाही. तिसरं, कथेला धक्का देणं. मिसेस पेकेटला भाडेकरूचा संशय येतो, पण भलत्याच कारणाने. पेपरात वेगळ्याच गुन्ह्याच्या बातम्या आहेत आणि आपल्या घरी तोच माणूस राहतोय, असं तिच्या डोक्यात बसतं. ती चुकीच्या कारणाने बरोबर माणसावर बोट ठेवते.

तिसरं काम सर्वांत अवघड. नटीने बाईला मूर्ख दाखवलं की प्रेक्षक हसतो आणि ताण फुटतो. हुशार दाखवलं तर ती अणुबॉम्बच्या कथेत मुद्दाम घुसवलेली वाटते. हिक्सनबाई तिसरी वाट धरतात: मिसेस पेकेटला स्वतःच्या जिवाची खरीखुरी भीती वाटते. लंडनच्या भवितव्याशी तिला देणंघेणं नाही, तिला काळजी आहे ती आपल्या गळ्याची. त्यामुळे प्रसंग हसरा आणि भीतिदायक दोन्ही राहतो, आणि ती दोन्हीपैकी काहीही 'करताना' दिसत नाही.

आता सिगारेटकडे पाहा. बाहेरून वाटतं, सिगारेट म्हणजे फुकटचा आधार. हाताला काम मिळालं. सेटवर ती डोकेदुखी असते. एकच प्रसंग आधी पूर्ण घेतात, त्याला मास्टर शॉट म्हणायचं. मग तोच प्रसंग एकाच्या खांद्यावरून, मग दुसऱ्याच्या, मग जवळून. मास्टरमध्ये अमुक शब्दाला सिगारेट अर्धी जळलेली असेल, तर दोन तासांनी घेतलेल्या जवळच्या शॉटमध्येही त्या शब्दाला ती अर्धीच हवी. कंटिन्यूइटी सांभाळणारी व्यक्ती वहीत लांबी टिपते, प्रॉपर्टीवाला कापलेल्या सिगारेटी लांबीनुसार तयार ठेवतो. पण झुरका कोणत्या शब्दावर घ्यायचा, राख कधी झटकायची, हात खाली कधी यायचा, हे नटीलाच लक्षात ठेवावं लागतं. ते चुकलं तर संकलक दोन शॉट जोडू शकत नाही. मग तो काय करतो? प्रमुख नटाचा शॉट ठेवतो आणि लहान भूमिकेचा टाकून देतो. धांदरटपणाची किंमत अशी थेट वसूल होते.

मांजराचं गणित आणखी वाईट. मांजर दिग्दर्शकाचं ऐकत नाही आणि ते फ्रेममध्ये हललं की प्रेक्षकाची नजर तिकडेच जाते. अनुभवी नटी मांजराशी स्पर्धा करत नाही. ते मांडीवर असलंच तर त्याच्या अंगावरून एकाच ठरलेल्या वाक्याला हात फिरवायचा आणि उरलेला वेळ ते तिथे आहे हेच विसरायचं. ज्या घरात खरंच मांजरं असतात तिथली बाई असंच वागते.

या चित्रपटाच्या दोन वर्षं आधी 'द गिनी पिग'मध्ये त्या रिचर्ड ॲटनबरोंची आई होत्या. मुलगा पडद्यावर चौदा वर्षांचा, प्रत्यक्षात चोविशी-पंचविशीतला. आई प्रत्यक्षात ४२ची. अशा जुळवाजुळवीत आईवरच भार येतो. ती त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, त्यावर प्रेक्षक त्याचं वय ठरवतो. तिने त्याला घोड्यासारखा वाढलेला माणूस म्हणून पाहिलं तर खेळ खलास.

पाइनवुडचा वेग

'कॅरी ऑन' या विनोदी चित्रपटांच्या मालिकेत हिक्सनबाई पाच वेळा दिसतात: 'नर्स' (१९५९), 'कॉन्स्टेबल' (१९६०), 'रिगार्डलेस' (१९६१), 'लव्हिंग' (१९७०) आणि 'गर्ल्स' (१९७३). निर्माते पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड टॉमस, स्टुडिओ पाइनवुड. एक चित्रपट साधारण सहा आठवड्यांत हातावेगळा होई. आठवड्याला पाच दिवस धरले तर तीस दिवस, चित्रपट सुमारे नव्वद मिनिटांचा, म्हणजे दिवसाला तीन मिनिटं पक्का माल निघायला हवा. शॉट बदलला की प्रकाशयोजना बदलते, त्यात तास जातात. उरलेल्या वेळात पाचवा-सहावा टेक घ्यायला जागाच नाही. या मालिकेत तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात त्यामागे दोस्तीइतकाच हा हिशोब आहे.

'नर्स'मध्ये त्या वॉर्डच्या सिस्टर आहेत, आणि त्यांच्या वरच्या मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, हॅटी जॅक्स. विनोद पेशंटांचे आहेत, दरारा मेट्रनचा आहे. सिस्टरकडे यातलं काहीच नाही. तिचं काम एवढंच की मेट्रनची फेरी जवळ आली की तिची धांदल खरी वाटली पाहिजे. मधल्या माणसाने भीती मनापासून दाखवली तरच वरच्याचा दरारा उभा राहतो आणि त्या दराऱ्याला टाचणी लावण्यात खालच्यांचा विनोद. मधली व्यक्ती स्वतः हशा मिळवायला गेली की दोन्ही बाजू कोसळतात. मोठ्या संचातला चरित्र नट बहुधा इथेच घसरतो. त्याला आपली तीन वाक्यं दिसतात, चित्रपट दिसत नाही, आणि तो सीन खायला जातो. पुढच्या वेळी त्याला बोलावत नाहीत.

'कॉन्स्टेबल'मधली मिसेस मे उलट्या प्रकारची आहे. दारू पिऊन पोलीस चौकीत येणारी, पण घरंदाज बाई. इथे रंगभूमीचा जुना नियम लागू पडतो: दारुड्याने दारू दाखवायची नसते, लपवायची असते. बाई जितकी सभ्य बोलेल, जितकी ताठ बसेल, तितकी ती जास्त प्यालेली वाटते. झोकांड्या आणि तोतरेपणा आणला असता तर ती शंभर चित्रपटांतली आणखी एक दारुडी झाली असती.

१९७३ च्या 'थिएटर ऑफ ब्लड'मध्ये तर त्यांचा मोठा प्रसंग बहुतांश झोपेतच आहे. समीक्षकांवर सूड उगवणारा वेडा नट रात्री घरात शिरतो आणि मिसेस स्प्राउटच्या शेजारी झोपलेल्या नवऱ्याचं, आर्थर लो यांचं, मुंडकं उडवतो. बाई सकाळी उठते. म्हटलं तर हे कामच नाही. पण झोपेचा अभिनय पडद्यावर सपशेल उघडा पडतो: पापण्या थरथरतात, श्वास मोजून घेतल्यासारखा वाटतो, गळ्याची शीर ताठते. ते पन्नास फूट रुंद पडद्यावर दिसतं.

काय बिघडतं आणि का

लहान भूमिकेला पहिला धोका कात्रीचा. चित्रपट लांबला की कथेला जिच्याविना अडत नाही ती भूमिका आधी जाते. म्हणून जाणता नट पटकथा हातात आल्यावर वाक्यं मोजत नाही. आपल्या तोंडी अशी कोणती माहिती आहे जी दुसऱ्या कुणाकडून कळत नाही, ते तो शोधतो. मिसेस पेकेट कापता येत नाही, कारण ती काढली तर कथेचा एक सांधा निखळतो. कुणीही उघडावं असं दार उघडणारी बाई मात्र बिनधास्त कापता येते.

दुसरा धोका क्लोजअप न मिळण्याचा. जवळचे शॉट ताऱ्यांसाठी असतात. त्यांना वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा. लहान भूमिकेचा नट बहुधा मास्टरमध्ये किंवा ताऱ्याच्या खांद्याआड असतो. तेवढ्यात दिसायचं तर दोन मार्ग. एक, मोठं करायचं: हातवारे, चेहरे, आवाज. दुसरा, फ्रेममध्ये सगळे हलत असताना आपण स्थिर राहायचं. हिक्सनबाई सर्रास दुसऱ्या मार्गाने जातात. एखादं वाक्य संपल्यावर इतर निघून जातात आणि त्या अर्धा क्षण तशाच राहतात. तेवढ्यात कळतं की बाईच्या मनात काहीतरी नोंदलं गेलं.

तिसरा धोका साच्याचा, आणि याला उपाय नाही. १९६७ मध्ये ग्लासगोच्या सिटिझन्स थिएटरात पीटर निकोल्स यांचं 'अ डे इन द डेथ ऑफ जो एग' आलं, त्यात त्या नायकाची आई ग्रेस झाल्या. ग्रेस उत्तरार्धात येते, सुखवस्तू घरातल्या बायका बोलतात तसं घरगुती काहीबाही बोलत राहते, आणि त्या बोलण्यातून मुलाचा सगळा कोंडमारा उलगडतो. नाटक लंडनला गेलं, १९६८ मध्ये ब्रॉडवेला गेलं, चित्रपट झाला तेव्हा भूमिका हिक्सनबाईंकडेच राहिली. मग १९७७ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये ॲलन एकबर्न यांचं 'बेडरूम फार्स'. तीन शयनगृहं शेजारी शेजारी मांडलेल्या रंगमंचावर म्हातारं जोडपं पलंगात बसून टोस्टवर डब्यातले मासे खातं. न्यूयॉर्कला ते नाटक १९७९ मध्ये गेलं आणि हिक्सनबाईंना सहायक अभिनेत्रीचं टोनी हे ब्रॉडवेचं पारितोषिक मिळालं, पलंगातले त्यांचे जोडीदार मायकल गॉफ यांनाही. वय ७२. त्याच १९७९ मध्ये पडद्यावर त्या होत्या 'यँक्स'मधली मिसेस मूडी. टोनीने त्यांचा स्पॉटलाइटमधला खंड बदलला नाही. चित्रपटाची माणसं पडद्यावर काय पाहिलंय त्यावर भूमिका देतात, आणि पडद्यावर त्यांनी पाहिलेल्या होत्या मिसेस अमुक आणि मिसेस तमुक.

मिस मार्पल

अगाथा ख्रिस्ती यांच्या घरात हिक्सनबाई मागच्या दाराने आधीच कितीतरी वेळा येऊन गेल्या होत्या. १९३७ च्या 'लव्ह फ्रॉम अ स्ट्रेंजर'मध्ये, जो ख्रिस्तींच्या कथेवर बेतलेला, त्या मोलकरीण होत्या. १९४५ मध्ये लंडनला 'अपॉइंटमेंट विथ डेथ' हे ख्रिस्तींचं नाटक आलं, त्यात त्यांना लहान भूमिका होती. ते पाहून ख्रिस्तीबाईंनी चिठ्ठी पाठवली: कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करावी. तेव्हा हिक्सन चाळिशीच्या आत-बाहेर होत्या. मार्पल करण्याच्या वयाला अजून निम्मा जन्म बाकी होता.

१९६१ मध्ये मार्पल पडद्यावर आली, पण मार्गारेट रुदरफोर्ड यांच्या रूपात. 'मर्डर, शी सेड' हा चित्रपट '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' या कादंबरीवरचा. मूळ कादंबरीत मार्पल स्वतः घरी बसते आणि त्या संशयित घरात ल्युसी नावाच्या हुशार मुलीला कामाला पाठवते. चित्रपटात रुदरफोर्ड स्वतःच मोलकरीण होऊन जातात. त्या घरात आधीपासून घरकामाला असलेली मिसेस किडर म्हणजे जोन हिक्सन. २६ वर्षांनी, १९८७ च्या नाताळच्या दिवशी बीबीसीने त्याच कादंबरीचं रूपांतर दाखवलं, तेव्हा मार्पलच्या खुर्चीत हिक्सनबाई होत्या.

रुदरफोर्ड यांची मार्पल मजेदार आहे, यात वाद नाही. ख्रिस्तींना ते चित्रपट फारसे रुचले नव्हते, तरी १९६२ ची एक मार्पल-कादंबरी त्यांनी रुदरफोर्ड यांनाच अर्पण केली. पण ती ताऱ्याची मार्पल आहे. दारातून आत आली की सगळ्या खोलीला कळतं. ख्रिस्तींच्या पुस्तकांत नेमकं याच्या उलट असतं. मार्पल कोपऱ्यात विणत बसलेली असते, लोक तिच्यासमोर नको ते बोलून जातात, कारण म्हाताऱ्या अविवाहित बाईला खोलीतलं सामान समजायची त्यांना सवय असते. या पात्राचं सगळं तंत्र लक्षात न येण्यात आहे. आता असा विचार करा की पन्नास वर्षं एका नटीने हेच केलं: दार उघडलं, चहा ठेवला, ऐकलं, अर्धा क्षण थांबली, गेली. तिला मार्पल 'साकारावी' लागली नाही. फक्त या वेळी कॅमेरा तिच्या मागोमाग राहिला.

'द बॉडी इन द लायब्ररी' २६ डिसेंबर १९८४ पासून तीन भागांत दाखवली गेली. मार्पलच्या सेंट मेरी मीड या काल्पनिक गावासाठी हॅम्पशायरमधलं नेदर वॉलप हे गाव घेतलं होतं. हिक्सनबाईंच्या कामात जाणवतं ते असं की क्लोजअप मिळू लागल्यावरही त्यांनी अभिनयाचं माप वाढवलं नाही. डेव्हिड होरोविच यांचा इन्स्पेक्टर स्लॅक बाईंना उडवून लावतो, तेव्हा त्या दुखावलेल्या दिसत नाहीत, मिश्कीलही दिसत नाहीत. नजर जराशी बाजूला जाते, आणि बस्स. साच्यातली नटी इथे प्रेक्षकाकडे डोळा मारल्यासारखं काहीतरी करते, 'बघा हं, मला ठाऊक आहे' असं. तसं झालं की लोकांनी तिला सामान समजणं अशक्य होऊन बसतं आणि पुढचं रहस्य ढिलं पडतं.

विणकामाचाही सिगारेटसारखाच जाच. विणलेला तुकडा शॉटागणिक वाढून चालत नाही. एकाच प्रसंगात तो तेवढाच लांब हवा. सुयांची खटखट आवाजात येते, म्हणून वाक्याच्या मध्यात हात थांबवायचे आणि दुसऱ्याच्या वाक्याला चालू ठेवायचे. ऐकताना हात चालू, बोलताना बंद. याचा एक अनपेक्षित फायदाही होतो: हात थांबले की प्रेक्षकाला आपोआप कळतं, बाईंना काहीतरी सापडलं.

७८व्या वर्षी मुख्य भूमिका पेलली कशी, हा व्यवहाराचा प्रश्न. त्याचं उत्तर बरंचसं कादंबऱ्यांच्या घडणीत आहे. मार्पल नायिका असली तरी पानोपान हजर नसते. 'द मूव्हिंग फिंगर'मध्ये ती मूळ पुस्तकात बऱ्याच उशिरा येते; 'पॅडिंग्टन'मध्ये धावपळ ल्युसी करते; पोलीस, भाचे, शेजारी पायपीट करतात. म्हणजे मुख्य पात्राची कामाची घडण लहान भूमिकेसारखीच: थोडे प्रसंग, प्रत्येक प्रसंग वजनाचा. जड जातो तो शेवटचा उलगडा, जिथे बाईंना सलग पानं बोलायची असतात. तिथेही कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर फिरत राहतो, त्यामुळे भाषण तुकड्यांत घेता येतं.

तरीही दमछाक आकड्यांत दिसते. ख्रिस्तींच्या बाराही मार्पल-कादंबऱ्या झाल्या: १९८४ मध्ये १, १९८५ मध्ये ३, १९८६ मध्ये १, १९८७ मध्ये ४. म्हणजे चार सालांत ९. त्यानंतर १९८९, १९९१ आणि १९९२ मध्ये एकेक. शेवटची 'द मिरर क्रॅक्ड' डिसेंबर १९९२ मध्ये लागली तेव्हा बाई ८६ वर्षांच्या होत्या. मधल्या काळात १९८७ मध्ये ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

आणि या सगळ्याच्या मध्येच, १९८६ मध्ये, देशभर घराघरांत माहीत झाल्यावर, त्यांनी 'क्लॉकवाइज'मध्ये काम केलं. जॉन क्लीझ यांच्या त्या चित्रपटात मोटारीतून फिरायला नेलेल्या तीन म्हाताऱ्या आहेत. त्यातली एक सतत स्वतःशीच बडबडत असते, कुणी ऐकत नाही, आजूबाजूला काय चाललंय याचा तिला पत्ता नाही. ती मिसेस ट्रेलिस. जिच्या नजरेतून काहीच सुटत नाही ती बाई आणि जिला काहीच दिसत नाही ती बाई, दोन्ही एकाच काळात. १९९३ मध्ये 'सेंच्युरी' हा चित्रपट केला, त्यातही भूमिका लहान आणि नाव मिसेस व्हिटवेदर.

१९५८ पासून त्या एसेक्समधल्या विव्हनहो गावी राहत होत्या. नवरा डॉक्टर होता, तो १९६७ मध्ये गेला. १७ ऑक्टोबर १९९८ ला जवळच्या कोलचेस्टरला त्यांचं निधन झालं. दफन डेव्हनमधल्या सिडबरीला. तिथलं नाव जोन हिक्सन नाही, जोन बोगल बटलर आहे. गावात कुणी मिसेस बटलर म्हणून हाक मारली असती तर ती याच बाईंना.